सुप्याची खिडकी

१८ नोव्हेंबर

आज सहा घरं फिरले. सहाही घरांत एकच उत्तर – खिडक्या आमच्या आम्हीच पुसतो की.

हायस्कूलच्या पूजा टीचरनी तर विचारलं, खिडक्या पुसायला पण माणूस लागतो काय? मी म्हटलं, केस कापायला लागतो तसा. त्या हसल्या. चहा दिला. काम नाही दिलं.

चहा पिताना त्यांच्याच खिडकीकडं बघत बसले. पावसाळ्यातल्या लाल मातीचे शिंतोडे अजून तसेच, खालच्या अर्ध्या काचेवर. वरच्या अर्ध्यावर धुराचा पिवळट थर. पलीकडं काहीतरी हिरवं हलत होतं. ही काच मी पुसली तर ह्या बाईंना कळेल की त्यांच्या परसात केवढा फणस उभा आहे! पण असं कुणाला कसं सांगायचं?

गोव्याहून येऊन इथं रामनगरात खिडक्या पुसायचा धंदा. लिहितानासुद्धा हसू येतं. एक बादली, दोन वायपर, घडीची शिडी, जुन्या सुती साड्यांची फडकी. मडगावला गाड्यांच्या शोरूममध्ये सात वर्षं मी काचाच पुसल्या. बाकीच्या बायका कंटाळायच्या. मला मात्र तो एक क्षण आवडायचा – रबर वरून खाली ओढलं की काच नाहीशी होते आणि बाहेरचा रस्ता एकदम आत येतो. तेवढ्यासाठी मी सात वर्षं टिकले.

१९ नोव्हेंबर

नवऱ्याचा, प्रज्योतचा फोन. हॉटेलच्या गाडीवर होता, एअरपोर्टला पाहुण्यांची वाट बघत. म्हणाला, मे महिन्यापर्यंत बघ. नाही जमलं तर जूनला परत ये, खोली मी ठेवलीय. रागानं नाही म्हणाला. तो रागावतच नाही, हीच अडचण. रागावला असता तर भांडता आलं असतं.

मडगावच्या त्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीकडं उघडते. हात बाहेर काढला की भिंतच. सात वर्षं दुसऱ्यांच्या काचा पुसून घरी यायचं आणि भिंत बघायची. त्याला हे सांगितलं तर म्हणतो, भाडं बघ की. भाडं बरोबर आहे. भिंतसुद्धा बरोबर आहे.

२३ नोव्हेंबर

पहिलं गिऱ्हाईक!

पुनर्वसन कॉलनीतून चालले होते, शिडी खांद्यावर. एका दारातून हाक आली. "खिडक्या पुसनारी ती तूच काय गे?" सावित्रीआज्जी. किराणावाल्या महाबळेश्वराची आई. ऐंशीच्या आसपास असेल, पण उभी ताठ.

घरात काचेची खिडकी एकच. बाकी सगळ्या गजांच्या. पण ती एक! सागवानी चौकट, दोन झडपा, प्रत्येकीला तीन काचा. चौकट भिंतीच्या मानानं मोठी, तिच्यासाठी भिंत फोडून बसवली असावी. काचा जुन्या, किंचित हिरवट, आत बारीक बुडबुडे. त्यातून बाहेरचं पेरूचं झाड पाण्यात उभं असल्यासारखं हलत होतं. वारा नव्हता.

मी विचारलं, कुठली? म्हणाली, सुप्याची. धरणासाठी गाव उठलं तेव्हा लोकांनी कौलं आणली, खांब आणले, दारं काढून आणली. आज्जीनं ही खिडकी आणली. लॉरीत मांडीवर आडवी घेऊन, काचांना चादर गुंडाळून. चाळीस वर्षं झाली. एकही काच तडकलेली नाही.

दीड तास लावला. वायपर नाही वापरला, नुसतं फडकं आणि कोमट पाणी. झाल्यावर आज्जीनं दोन नारळ दिले आणि पैसेही पुढं केले. मी नको म्हटलं तर रागावली. "धंदा करतीस का खेळ?" घेतले. दर गुरुवारी ये म्हणाली.

२४ नोव्हेंबर

पहाटे स्वप्न पडलं. मी पाण्याखाली होते, पण श्वास घेता येत होता. गल्लीत दोन्हीकडं घरं, सगळ्यांना काचेच्या खिडक्या. मी एकेक पुसत चालले होते. फडकं फिरवलं की आत दिवा लागायचा. मासे शिडीच्या पायऱ्यांमधून जात-येत होते. घाई अशी कुणालाच नव्हती.

उठले तर हात खरंच गार पडले होते. चादर सरकली होती.

३० नोव्हेंबर

आज्जी रेशनच्या रांगेत माझी जाहिरात करते! ह्या आठवड्यात चार घरं मिळाली. पूजा टीचरसुद्धा. त्यांची काच पुसून झाल्यावर त्या बराच वेळ बाहेर बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, फणसाला कोवळी फळं धरली वाटतं, लवकर. मी बादली उचलली.

६ डिसेंबर

लोंढ्याच्या बसचा ड्रायव्हर स्टँडवर गाठून म्हणाला, अक्का, पुढची काच जरा मारून दे, धुक्यात काय दिसत न्हाई. पाच मिनिटांत मारून दिली. आतले लोक बघत होते. टाळ्या नाही वाजवल्या, पण वाजवतील असं वाटलं खरं.

१२ डिसेंबर

गुरुवार. आज्जीकडं.

आता मला तिच्याकडं जायला सगळ्यांत जास्त आवडतं. काम तेवढंच, सहा काचा. पण ती शेजारी बसून सुपा गाव सांगते. बाजारगल्ली कुठं वळायची, नदीच्या उताराला किती पायऱ्या, तिसरी पायरी हलती होती म्हणून नवीन सुना तिथंच कशा घसरायच्या. मी पुसते आणि मला ते दिसतं. धरण झाल्यावर कितीतरी वर्षांनी माझा जन्म. सुपा म्हणजे मला नुसतं पाणी माहीत – बसमधून दिसणारं, निळं, रुंद, मधे टेकड्यांचे शेंडे. आज्जीला अजून त्याखालच्या वाटा दिसतात.

महाबळेश्वर दुकानातून जेवायला आला. चांगला माणूस आहे. आईच्या पानात आधी वाढतो. म्हणाला, राखी, तू पुसतीस ते ठीक, पण ह्या खिडकीतनं पावसाळ्यात पाणी आत येतं, डास येतात. सगळीकडं आता सरकती अल्युमिनियमची बसवतात. आज्जी ऐकू न आल्यासारखी बसली.

२८ डिसेंबर

मोठं काम मिळालं! मोठं म्हणजे खरंच मोठं.

जगलबेटच्या पुढं अर्जुनरावांचं होमस्टे आहे. त्यांच्या घराण्याचं खानापूरला दुकान, हे एकटे जंगलात येऊन राहिलेत. जेवणाची खोली सगळी काचेची, तीन बाजूंनी, समोर थेट रान. नाताळाची गर्दी, आणि काचांवर पोरांचे हात. सकाळी सातला पोचले. धुकं काचेला टेकलं होतं. शिडीवर चढून वरून खाली रबर ओढलं तर आत-बाहेर काही उरलंच नाही. मी झाडांमध्ये उभी आहे आणि हातात नुसतं फडकं आहे, असं वाटलं. किती वेळ तशीच उभी राहिले कोण जाणे. खालून अर्जुनरावांनी विचारलं, बरं वाटतंय ना?

नंतर त्यांनी चहाला बसवलं. त्यांना जुन्या वस्तूंचा नाद. पाडलेल्या घरांचे खांब, दारं, पाट, सगळं जमवून ठेवलंय आणि ठेवलंयही छान. मला आपलं काहीतरी सांगावंसं वाटलं. मी सांगितलं – रामनगरात एक सुप्याची खिडकी आहे. हिरवट काचा, आतले बुडबुडे, चाळीस वर्षांत तडा नाही. हातांनी मापं दाखवली. ते ऐकत राहिले. कुणाच्या घरी, विचारलं. मी तेही सांगितलं.

किती छान सांगितलं मी! येताना बसमध्ये स्वतःवरच खूश होते.

२ जानेवारी

अर्जुनरावांनी दर शनिवारचं काम पक्कं केलं. प्रज्योत फोनवर म्हणाला, बरं झालं. दोनच शब्द, पण मनापासून.

९ जानेवारी

खिडकी नाही.

आज गुरुवार म्हणून गेले तर भिंतीत पांढरी अल्युमिनियमची सरकती खिडकी. कोपऱ्यात कंपनीचा स्टिकर अजून तसाच. कडेचं सिमेंट ओलं. महाबळेश्वर दुकान सोडून मुद्दाम दाखवायला आला. म्हणाला, तुझे उपकार गे. ते होमस्टेवाले स्वतः आले, माणसं घेऊन आले, जुनी नेली, नवीन बसवून वर पैसे दिले. राखीनं सांगितलं म्हणाले.

आज्जी खाटेवर पडून होती. तोंड भिंतीकडं.

मी आज्जी अशी हाक मारली. ती हलली नाही. झोपलेली नव्हती, पाठीवरून कळत होतं.

महाबळेश्वर म्हणाला, आलीच आहेस तर नवीन पुसून जा, सिमेंट उडालंय. मी पुसली. काय करणार होते? गुळगुळीत काच, एका ओढीत स्वच्छ. पलीकडं पेरूचं झाड सरळ उभं होतं. अजिबात हललं नाही.

१० जानेवारी

काम नाही केलं. ताप आहे असं सांगितलं सगळ्यांना. ताप नाही.

१६ जानेवारी

आज्जी बाहेर आली नाही. महाबळेश्वर दारातच म्हणाला, आईचं काहीतरी बिनसलंय, दोन घास खाऊन उठते. मी तिला विचारलं होतं की, म्हणतो. द्यायच्या आधी विचारलं. ती म्हणाली, तुझं घर, तू बघ. मग मी बघितलं. माझं काय चुकलं?

त्याचं काही चुकलेलं नाही. हे मला त्याला सांगता आलं नाही, कारण मग कुणाचं चुकलं ते सांगावं लागलं असतं.

१८ जानेवारी

अर्जुनरावांनी जेवणाच्या खोलीलगत एक नवीन भिंत उभी केलीय, नुसती त्या खिडकीसाठी. तेलपाणी करून चौकट चमकवलीय. पाहुणे पुढं उभे राहून फोटो काढत होते. अर्जुनराव मला म्हणाले, राखी, आधी ही घे. तुझा हात हिला माहीत आहे.

ओलं फडकं घेऊन उभी राहिले. पुसता येईना. पहिल्यांदाच असं झालं.

म्हटलं, ही परत द्या. आज्जी जेवत नाही.

ते चिडले नाहीत. म्हणाले, "मी चोरून आणली नाही, राखी. विचारून आणली. त्यांच्या मुलानं आज ना उद्या ती मोडीत घातली असती. इथं निदान जपली जाईल." सगळं खरं होतं. तरी मी म्हटलं, मग मी येणार नाही. बादली उलटी केली, शिडी घडी केली आणि निघाले. त्यांनी दोनदा हाक मारली.

बसमध्ये बसल्यावर कळलं मी काय सोडून आले ते. बाकी आठवड्याची सगळी घरं मिळून त्या एका शनिवारएवढी होत नाहीत. बाहेर रान मागं पळत होतं. ह्या बसची काचही घाण होती.

२१ जानेवारी

पुन्हा ते पाणी स्वप्नात आलं. ह्या वेळी एकाही घराला खिडकी नव्हती. नुसती भोकं. त्यातून गार पाणी आत-बाहेर करत होतं. मी शिडी घेऊन फिरत होते.

२५ जानेवारी

प्रज्योतला सगळं सांगितलं. अर्जुनरावांचं काम सोडल्याचंही. म्हणेल, ये मग परत – ह्या तयारीनंच सांगितलं.  त्याच्या मागं गाड्यांचे हॉर्न. मग म्हणाला, "तू आज्जीला विचारलंस काय, तिला काय पाहिजे ते?"

नाही विचारलं. अर्जुनरावांशी बोलले, महाबळेश्वराशी बोलले, स्वतःशी तर रोज बोलतेय. तिला एकदाही नाही.

२७ जानेवारी

गेले. महाबळेश्वर दुकानात होता. आज्जी मागच्या दाराशी उन्हात तांदूळ निवडत बसली होती. मी खाली बसले आणि एका दमात सांगितलं. मीच सांगितलं त्यांना, आज्जी. मीच मापं दाखवली.

ती निवडत राहिली. "ठाऊक हाय," म्हणाली. "पोरानं सांगितलं. तू काय वाईट सांगितलं न्हवंस. चांगली हाय म्हनूनच सांगितलंस की."

मला रडू आलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि भलतंच विचारलं. "कुठं लावलीया? उजेड येतो काय तिच्यावर?"

म्हटलं, येतो. सकाळचा सगळा.

"मला घेऊन चल एकदा."

२ फेब्रुवारी

आज आज्जीला जगलबेटला नेलं. महाबळेश्वर नको म्हणत होता, एवढ्या वळणांनी तिला उलटी होईल. काही झाली नाही. बसमध्ये खिडकीशी बसली आणि डाव्या हातानं पुढचा दांडा धरून सगळी वाट बघत आली. नव्या साडीत. केसांत अबोलीचा गजरा, तो कुठून आणला कोण जाणे.

मी आधी फोन केला होता अर्जुनरावांना. ते फाटकापर्यंत आले. आज्जीला वाकून नमस्कार केला, हाताला धरून आत नेलं. खिडकीच्या आतल्या बाजूला तिच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती, उशी घालून. आज्जीनं खुर्ची बघितली, खिडकी बघितली. मग वळली आणि एकटीच बाहेर निघाली. आम्ही घाबरलो. तिला राग आला असं वाटलं.

ती भिंतीला वळसा घालून पलीकडं गेली. अंगणात. तिथून आठ-दहा पावलांवर थांबली आणि म्हणाली, खुर्ची हितं आन.

आणली. ती बसली. बाहेरून आत बघत. ऊन तिच्या पाठीवर, खिडकीवरही ऊन. वरच्या काचांत झाडं, खालच्यांत ती स्वतः, लहानशी, थोडी हलणारी.  मी असा चेहरा तिचा कधी बघितला नव्हता – कुणीतरी आता येईलच, अशी वाट बघत असल्यासारखा. थोड्या वेळानं ओठ हलायला लागले. देवाचं म्हणत असेल असं आधी वाटलं. पण मधेच ती हसलीसुद्धा.

अर्जुनराव मला बाजूला घेऊन हळू म्हणाले, माझं चुकलं असेल-नसेल, मला हे बघवत नाही. उद्याच्या उद्या खिडकी टेम्पोतून घरी पोचवतो, त्यांना सांग. मी पळत जाऊन सांगितलं. माझं तर उडायचंच बाकी होतं!

आज्जी म्हणाली, "न्हाई. हितंच ऱ्हाऊ दे."

मी पुन्हा विचारलं. अर्जुनरावांनी विचारलं. ती तेच म्हणाली. मग मला म्हणाली, पूस की आता, ही बाजू आधी. मी पुसली. दीड तास, नुसतं फडकं आणि कोमट पाणी. अर्जुनरावांनी स्वतः चहा आणला आणि आज्जीनं तो बशीत ओतून प्याला. जेवलीही. भात दोनदा घेतला.

येताना माझ्या खांद्यावर झोपली. शनिवारी येणार म्हणून मी अर्जुनरावांना सांगून आलेय.

४ फेब्रुवारी

नको का म्हणाली असेल? दोन दिवस तेच डोक्यात.

प्रज्योतला सांगितलं. त्यालाही उमगलं नाही. पण फोन ठेवताना त्यानं विचारलं, रामनगरात गाडीवर ड्रायव्हर लागतो काय कुणाला? सहज विचारल्यासारखं. मीही बघते म्हटलं, सहज सांगितल्यासारखं. जास्त बोलले असते तर मोडलं असतं.

६ फेब्रुवारी

गुरुवार. आज्जीनं आपणहून सांगितलं.

ती खिडकी तिची नव्हतीच. समोरच्या घरची. बाजारगल्लीत समोरासमोर दोन घरं, मधे एक बैलगाडी जाईल एवढी वाट. पलीकडं फुला. एकाच वर्षी दोघी लग्न होऊन आलेल्या. वीस वर्षं दोघी आपापल्या खिडकीतून बोलल्या. गाव उठलं तेव्हा फुलाची लॉरी दुसरीकडं निघाली – कुठं, ते बायकांना कुणी सांगितलं नाही. त्या सकाळी दोघींनी खिडक्या बदलल्या. "तिची मी घेतली, माझी तिनं. घरातल्यांना अजून ठाऊक न्हाई."

म्हटलं, मग परत का नाही घेतलीत?

"माझ्या घरात चाळीस वर्षं कोन आलं गे? तितं रोज नवी मानसं येतात. फुलाचं कोनतरी येईल. नातू येईल. वळकंल."

म्हणजे आज्जीची खिडकी अजून कुठंतरी आहे. कुणाच्यातरी भिंतीत. तिच्या चौकटीवर डाव्या अंगाला विळ्यानं कोरलेल्या पाच रेघा आहेत, लहानग्या महाबळेश्वराच्या उंचीच्या.

उद्या गुंद गावात दोन घरं आहेत, परवा दिग्गीच्या वाटेवर एक. बादली उतरवायच्या आधी चौकट बघणार.